फाळाखालची माती: लडाखची शेते आणि अहिंसेचा एक प्रश्न

शेत नांगरताना होणाऱ्या जीवहत्येचे पाप कोणाच्या पदरी, हा भारतीय धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने शक्यतो शेती टाळावी असे सांगितले आहे, आणि कारण दिले आहे ते हेच: लोखंडी फाळ बसवलेले लाकूड भूमीलाही इजा करते आणि भूमीत राहणाऱ्या प्राण्यांनाही. अश्वघोषाच्या बुद्धचरितात, पाचव्या सर्गात, तरुण सिद्धार्थ नांगरलेले रान पाहतो. उपटून पडलेले गवत आणि फाळाखाली चिरडलेले किडे पाहून त्याला स्वकीयांचा वध झाल्यासारखे दुःख होते. जैन आगमांनी आणखी पुढे जाऊन खुद्द मातीलाच सजीव मानले. या सर्व ग्रंथकारांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने गंगेच्या मैदानातली ओली, गाळाची, किड्यामुंग्यांनी भरलेली जमीन होती. तोच प्रश्न लडाखसारख्या उंच आणि कोरड्या मुलखात नेला की तो वेगळ्याच तऱ्हेने मांडावा लागतो. तिथे फाळाच्या वाटेत येणारे जीव बहुतांशी डोळ्यांना दिसतच नाहीत. शिवाय तिथली शेतजमीन निसर्गाकडून आयती मिळालेली नाही; पिढ्यान्‌पिढ्या पाणी आणि खत ओतून माणसाने ती वाळवंटातून तयार केली आहे. तिथला शेतकरी ज्या जीवसृष्टीला नांगराने इजा करतो ती बव्हंशी त्याच्याच शेतीमुळे तिथे नांदत असते.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाकाठी पाऊस व बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. माण किंवा आटपाडी या महाराष्ट्रातल्या कायम दुष्काळी समजल्या जाणाऱ्या तालुक्यांतही याच्या चौपटीहून अधिक पाऊस होतो. हिमालयाच्या मुख्य रांगेने मोसमी ढग दक्षिणेलाच अडवले, त्यामुळे पलीकडच्या उतारांवर रेती, खडे आणि उघडे खडक उरले. माती अल्कधर्मी, सामू (पीएच) आठच्या आगेमागे, आणि सेंद्रिय कर्ब नावापुरता. पण ही जमीन मेलेली नाही. जगभरच्या रुक्ष प्रदेशांत उघड्या मातीच्या वरच्या काही मिलिमीटरांत एक सजीव पापुद्रा असतो, तसा तो इथेही जागोजागी आढळतो. सायनोबॅक्टेरियाचे बारीक तंतू आपल्या चिकट द्रवाने वाळूचे कण बांधून ठेवतात; त्यांच्या सोबतीला दगडफूल आणि शेवाळ येते. पृथ्वीच्या जमिनीचा सुमारे १२ टक्के भाग अशा पापुद्र्याने व्यापलेला आहे, असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पापुद्र्याखाली अॅक्टिनोबॅक्टेरिया गटातले जिवाणू मोठ्या प्रमाणात असतात. पहिल्या पावसाच्या मृद्‌गंधाला मुख्यतः कारणीभूत असणारे जिओस्मिन हे द्रव्य याच गटाची देणगी. कोरडेपणा सोसण्याची त्यांची ताकद दांडगी आहे, आणि वर्षातला बराचसा काळ ते निद्रिस्त अवस्थेत काढतात.

या जमिनीचे शेत होते तेव्हा तीन गोष्टी घडतात: पाणी येते, खत येते आणि नांगर येतो. तिन्हींचे मातीतल्या सूक्ष्मजीवांवरचे परिणाम वेगवेगळे आहेत. धर्मचर्चेत मात्र तिन्हींना ‘शेती’ या एकाच नावाखाली घातले जाते आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पाण्याचे आधी. हिमनदीचे पाणी पाटाने शेतात सोडले की निद्रिस्त जिवाणू जागे होतात आणि काही तासांतच मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवरून ही घटना तपशीलवार मांडली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण ही जाग सगळ्यांना मानवत नाही. कोरड्या मातीत तग धरण्यासाठी पेशींनी आत विद्राव्य द्रव्ये साठवलेली असतात. अचानक पाणी आले की ते वेगाने आत शिरते आणि काही पेशी फुटतात. त्यांच्या अवशेषांवर उरलेल्या पोसतात. म्हणजे तहानलेल्या जमिनीला पाणी देणे, ज्याला एरवी क्वचितच कोणी हिंसा म्हणेल, तेही निव्वळ संख्येच्या हिशेबात मोठा संहार ठरते.

खताची गोष्ट निराळी. पारंपरिक लडाखी घरात संडास वरच्या मजल्यावर असतो. जमिनीला एक चौकोनी भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडे. वापरून झाल्यावर वरून माती आणि चुलीतली राख लोटायची. खालच्या खोलीत साठलेले सोनखत पुढे शेतात जाते. जनावरांच्या गोठ्यातले खतही तसेच. बांधावर चाऱ्यासाठी ओल म्हणजे लसूणघास, शेतात जवाबरोबर वाटाणा, ओढ्याकाठी सीबकथॉर्नची काटेरी झुडपे. यांतल्या लसूणघास आणि वाटाणा यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियमच्या जातकुळीतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, सीबकथॉर्नच्या गाठींत फ्रँकिया नावाचा. या सगळ्यामुळे जिथे पूर्वी दुष्काळ सोसणारे मोजके गट होते तिथे झपाट्याने वाढणारे, सेंद्रिय पदार्थ कुजवणारे कितीतरी गट नांदू लागतात. फिअरर आणि जॅक्सन यांनी २००६ मध्ये दोन्ही अमेरिका खंडांतल्या ९८ ठिकाणच्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिवाणूंची विविधता किती असेल हे तापमानापेक्षा किंवा अक्षांशापेक्षा मातीच्या सामूवरून अधिक नेमके सांगता येते, असे त्यात दिसले, आणि उदासीन सामूच्या आसपास ती सर्वाधिक भरली. अल्कधर्मी वाळवंटी मातीत खत कुजले की सामू थोडा खाली येतो, म्हणजे विविधतेला अनुकूल अशाच दिशेने सरकतो. इजिप्तमधल्या सेकेम या सेंद्रिय शेतावर २०११ मध्ये झालेल्या अभ्यासातही शेजारच्या वाळवंटापेक्षा शेतातल्या मातीत जिवाणूंची विविधता अधिक आढळली. ८० ठिकाणच्या रुक्ष जमिनींच्या २०१५ मधल्या पाहणीने याचीच दुसरी बाजू दाखवली: कोरडेपणा वाढत जातो तशी जिवाणू आणि बुरशी या दोघांची संख्याही घटते आणि विविधताही.

उरला नांगर. वाफसा आला की झो, म्हणजे याक आणि गाय यांचा संकर, लाकडी नांगराला जुंपतात. जिवाणूंना फाळाचा थेट त्रास फारसा होत नाही. ते फाळाच्या धारेपेक्षा अतिशय लहान आहेत. मार बसतो तो बुरशीला. पिकांच्या मुळांशी जोडलेली आणि मातीभर पसरलेली तिची जाळी तुटतात, आणि वारंवार नांगरलेल्या जमिनीत जिवाणूंच्या मानाने बुरशीचे प्रमाण घटत जाते. लडाखचा नांगर उथळ चालतो, वर्षातून एक पीक निघते, त्यामुळे हे नुकसान तुलनेने बेताचे. ट्रॅक्टरची खोल नांगरट आल्यावर तसे म्हणता येत नाही.

आता जैन विचार. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वीकायिक जीवांची चर्चा आहे. जन्मांध आणि मुक्या माणसाला कोणी कापले तर तो सांगू शकत नाही, पण वेदना त्याला होतेच. मातीच्या जीवांचेही तसेच, असा तिथला युक्तिवाद आहे. तत्त्वार्थसूत्रात पृथ्वी, पाणी आणि वनस्पती यांची गणना स्पर्श हे एकच इंद्रिय असलेल्या स्थावर जीवांत होते. याशिवाय निगोद ही कल्पना आहे: अनंत जीव एकाच देहात राहतात, एकत्र श्वास घेतात, एकत्र जन्मतात आणि मरतात. अलीकडच्या प्रवचनांत आणि पुस्तिकांत निगोद म्हणजेच जिवाणू, असे समीकरण सर्रास मांडले जाते. ते टिकत नाही. निगोद जीव साऱ्या विश्वात ठासून भरलेले मानले जातात, मातीपाणी असो वा नसो. आणि एका श्वासाच्या अवधीत त्यांचे अठरा वेळा जन्ममरण होते असे सांगितले जाते. प्रयोगशाळेत, भरपूर अन्न देऊन, अतिशय वेगाने वाढणारा जिवाणूही दुप्पट व्हायला दहा-वीस मिनिटे घेतो. मातीत त्यालाच कित्येक दिवस किंवा आठवडे लागतात. निगोदाची कल्पना जीवाच्या अधोगतीची शेवटची पायरी दाखवण्यासाठी आली आहे. तिला सूक्ष्मदर्शकाच्या पुराव्याची गरज नाही, आणि तसा पुरावा जोडल्याने तिचे मोल कमीच होते.

जैन विचाराचे खरे बळ दुसरीकडे आहे. हिंसेची व्याख्या तत्त्वार्थसूत्राने केली ती ‘प्रमादामुळे घडलेला प्राणघात’ अशी, त्यामुळे नुसत्या मृत्यूंच्या मोजणीतून बाहेर पडण्याची वाट मिळते. गृहस्थाच्या बाबतीत ठरवून केलेली संकल्पी हिंसा आणि पोटासाठी करावी लागणारी उद्योगी हिंसा असा भेद केला गेला, आणि शेती दुसऱ्या प्रकारात बसली. श्वेतांबर परंपरेत श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांत जमीन फोडण्याच्या धंद्याचाही समावेश आहे. उलट जिनसेनाच्या आदिपुराणात ऋषभदेवाने प्रजेला शिकवलेल्या सहा कर्मांत कृषी सन्मानाने आहे. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या भागांतला चतुर्थ जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करतो आहे आणि त्यात त्याला धर्मबाह्य काही वाटत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की परिग्रह मर्यादित ठेवण्याच्या व्रतात ज्या गोष्टींना मर्यादा घालायची त्यांच्या यादीत ‘क्षेत्र’, म्हणजे शेतजमीन, अगदी आरंभी येते. हिंसा पूर्ण टळत नसेल तर ती ज्या जमिनीवर होते तिचे क्षेत्रफळ तरी आटोक्यात ठेवा. जमीन-वापराच्या प्रश्नाला याहून थेट भिडणारे सूत्र कोणत्याही धर्मशास्त्रात सापडणे कठीण.

बौद्ध परंपरेने सारा भार हेतूवर टाकला. नांगरताना मारण्याचा हेतू नसेल तर वधाचे कर्म घडत नाही. असे असूनही भिक्षूला जमीन खणायला मनाई आहे, आणि ती का आली हे पाली विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, सांगितले आहे. आळवी येथे बांधकामासाठी भिक्षू जमीन खणू लागले, तेव्हा लोक कुरकुरले की हे शाक्यपुत्र एकेंद्रिय जीवाला त्रास देतात. मातीत जीव असल्याचे बुद्धाने इथे प्रतिपादन केले नाही. लोक तसे मानतात याची दखल घेऊन नियम घातला. मग कोणती माती खणू नये याचा तपशील आला, आणि तो मोठा लक्षणीय आहे. जिच्यात माती जास्त आणि दगडगोटे कमी ती ‘जात’ पृथ्वी, तिला हात लावायचा नाही. निव्वळ खडे, रेती, दगड किंवा भाजलेली माती ही ‘अजात’, ती चालते. आणि मातीचा नुसता ढीग असेल तर चार महिन्यांहून अधिक काळ त्यावर पाऊस पडल्यानंतर तो ‘जात’ समजायचा. सूक्ष्मजीवशास्त्राची चाहूल यात शोधण्याचा मोह आवरलेला बरा. रचणाऱ्यांनी ओल्या मातीत गवत आणि किडे येताना पाहिले होते, तेवढे पुरेसे आहे. पण निकष पाण्याचा निवडला, हे निरीक्षण पक्के आहे.

हा निकष लडाखला लावला तर गंमत होते. तिथले विहार मूलसर्वास्तिवादी विनय पाळतात. त्यातही खणण्याची बंदी आहे. पाली तपशील जसाच्या तसा घेतला तर लडाखचे उघडे, खडकाळ उतार बहुतेक ‘अजात’ ठरतात, आणि माणसाने पाणी देऊन तयार केलेले शेत तेवढे ‘जात’. ज्या पापुद्र्याला पुन्हा जमायला कित्येक वर्षे, कधी दशके लागतात, त्याला विनयाचे संरक्षण नाही. दर वसंतात उलटल्या जाणाऱ्या शेताला आहे. पुन्हा ती बंदी फक्त भिक्षूला. तो ‘खण’ म्हणू शकत नाही, पण ‘ही माती हवी आहे’ असे सुचवू शकतो, अशी सोय त्याच नियमात आहे. लडाखच्या गोम्पांकडे, म्हणजे विहारांकडे, मोठ्या शेतजमिनी असत आणि त्या गावातली कुळे कसत. जम्मू-काश्मीरमध्ये १९५० साली मोठ्या जमीनदाऱ्या संपवणारा कायदा आला, तेव्हा लडाखचे बौद्ध धर्मनेते कुशोक बकुला रिंपोचे यांच्या विरोधानंतर गोम्पांच्या जमिनींना त्यातून सूट मिळाली. धान्य विहाराचे आणि फाळ गृहस्थाचा, ही विभागणी हेतूवादाच्या चौकटीत निर्दोष बसते. नैतिकदृष्ट्या ती समाधानकारक आहे असे म्हणणे अवघड आहे.

गृहस्थाने मात्र आपली वाट वेगळी काढली. ती ग्रंथांत कमी आणि गावच्या रिवाजात जास्त आढळते. लडाखी समजुतीनुसार जमिनीला सदक आणि पाण्याला लू असे स्वामी असतात. कुदळ मारली, दगड फोडला, ओढा घाण केला की ते रागावतात, आणि मग अंगावर चट्टे उठतात, पीक बुडते. पेरणीपूर्वी ज्योतिष पाहून दिवस ठरवतात. हेलेना नॉरबर्ग-हॉज यांनी ‘एन्शन्ट फ्यूचर्स’ या १९९१ च्या पुस्तकात या विधीचे वर्णन केले आहे: भिक्षू दिवसभर पाठ करतात, त्या दिवशी कोणी मांस खात नाही की छांग, म्हणजे जवाची बिअर, पीत नाही, आणि गावाच्या कडेला लूसाठी बांधलेल्या छोट्या ठाण्यापाशी दूध अर्पण केले जाते. त्यानंतर नांगर शेतात उतरतो.

या रिवाजात मेलेल्या जीवांचा हिशेब कुठेच नाही. क्षमा मागितली जाते ती त्या जागेची. सूक्ष्मजीवांच्या संदर्भात हीच मांडणी अधिक खरी ठरते. मातीत एकटा जिवाणू हे नैतिक विचाराचे फारसे उपयोगी एकक नव्हे. तो विभागून दोन होतो, शेजाऱ्याची जनुके उचलतो, शेजाऱ्याच्या उत्सर्जनावर जगतो, वर्षानुवर्षे निद्रिस्त पडून राहतो. त्याचा मृत्यू नेमका कधी झाला हे सांगणेही सोपे नसते. जमिनीचा वापर बदलल्याने बदलतो तो समुदाय: कोण किती, कोणाशी जोडलेला, कोणते काम करणारा. इजा झालीच तर ती त्या जागच्या व्यवस्थेला होते, आणि सदक ही कल्पना नेमकी तिथे बोट ठेवते. तिच्यातली उणीवही उघड आहे. वर्षातून एकदा परवानगी मागितली की पुढे किती नांगरायचे, किती चारायचे, याला ती मर्यादा घालत नाही. ती मर्यादा जैन व्रतात आहे, पण लडाखच्या गावरिवाजात ते व्रत नाही.

चराऊ रानात ही उणीव अधिक जाणवते. पूर्वेकडच्या चांगथांग पठारावर, ४,००० मीटरच्या वर, चांगपा पशुपालक पश्मिना शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन फिरतात. तिथे नांगर नाही, म्हणून ग्रंथांच्या लेखी मातीची हिंसाही नाही. प्रत्यक्षात खुरांनी पापुद्रा फुटतो आणि वाऱ्याला मोकळे रान मिळते. शेण-मूत्र पडते तिथे नत्राची बेटे तयार होऊन वेगळेच जिवाणू फोफावतात. पण बरेचसे शेण सरपणासाठी गोळा होते आणि त्यातला कर्ब मातीत परतत नाही. कळप हलते राहिले तर रानाला उसंत मिळते. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर सीमेपलीकडची जुनी कुरणे तुटली, तिबेटी निर्वासितांचे कळपही त्याच रानात आले, पुढे पश्मिन्याची मागणी वाढली, आणि ही उसंत कमी होत गेली. हेतू कोणाचाच वाईट नाही. नेमक्या अशा ठिकाणी हेतूवर उभे असलेले नीतिशास्त्र हतबल होते.

पाश्चात्त्य विचारात हाच पेच विसाव्या शतकात आला. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी समस्त जीवनाविषयी आदर हे तत्त्व मांडले, पण डॉक्टर म्हणून रोगजंतू मारावेच लागतात हेही कबूल केले. पॉल टेलर यांनी १९८६ मध्ये प्रत्येक सजीवाला स्वतःचे असे हित असते असा सिद्धान्त मांडला. तो काटेकोर लावला तर एका ग्रॅम सुपीक मातीतच कोट्यवधी हितसंबंध उभे राहतात आणि निर्णय अशक्य होतो. ऑल्डो लिओपोल्ड यांची १९४९ मधली भू-नीती समुदायालाच एकक मानते, म्हणून ती सदकाच्या कल्पनेला सर्वांत जवळची. भुतांखेतांना थारा न देता ती त्याच निष्कर्षाशी येते, इतकाच फरक.

पण समुदाय हे एकक मानले तरी कोणता समुदाय, हा प्रश्न राहतोच. लडाख १९७४ मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला. तरुण मंडळी लेहमध्ये, सैन्यात, हॉटेलांत कामाला गेली; रेशनवर स्वस्त तांदूळ आणि गहू येऊ लागला; हॉटेलांत पाण्याचे संडास आले आणि तिथली घाण सोनखत न होता खड्ड्यांत जिरू लागली. दूरच्या गावांत काही शेते पडीक पडली. पाणी तोडलेल्या शेतात आधी झपाट्याने वाढणारे जिवाणू संपतात, मुळांवरच्या गाठी आणि बुरशीची जाळी यजमान झाडांबरोबर जातात, क्षार वर येतात आणि सोशीक अॅक्टिनोबॅक्टेरिया पुन्हा प्रबळ होतात. सजीव पापुद्रा मात्र लगेच परतत नाही. जैन दृष्टीने इथे ‘आरंभ’, म्हणजे जीवांना इजा करणारी कृती, थांबला, म्हणून हिंसा घटली. बौद्ध दृष्टीने कोणी काही केलेच नाही. लिओपोल्ड यांच्या कसोटीवर एक समृद्ध समुदाय नष्ट झाला, पण तो समुदाय माणसाने बाहेरचे पाणी आणून वसवलेला होता आणि त्याआधी तिथे दुसरा नांदत होता, गरीब पण तिथलाच. ॲमेझॉनमध्ये जंगल तोडून कुरण केलेल्या जमिनींवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवले की एकेका ठिकाणची जिवाणूंची विविधता वाढली, पण सगळी ठिकाणे एकमेकांसारखी झाली आणि जागोजागचे वेगळेपण गेले. लडाखच्या शेतांत कोणती गोष्ट अधिक जपायची, शेतातली विविधता की उताराचे वेगळेपण, हे मातीचे नमुने तपासून ठरत नाही. जैनांचे क्षेत्र-परिमाण त्यातल्या त्यात कामाचे: जे शेत पूर्वीपासून आहे ते पाणी आणि सोनखत देऊन राखावे, आणि नव्या शेतासाठी, नव्या हॉटेलासाठी किंवा गाडीवाटेसाठी उघडा उतार फोडू नये. गावातला सदकही उतार फोडताना परवानगी मागायला लावतो. ती नाकारण्याची सोय मात्र त्या विधीत नाही.